उत्तरेची भिंत

लोणी मिस्त्रींना ‘लोणी’ हे नाव त्यांच्या गिलाव्यावरून पडलं, असं ते स्वतः सांगत. हात फिरवला की बोट घसरावं, असा त्यांचा गिलावा. ज्यांनी त्यांना लोकांशी बोलताना ऐकलं होतं, त्यांचं मत वेगळं होतं. पालिकेच्या साहेबापासून वाळूच्या ट्रकवाल्यापर्यंत, ज्याच्याकडे काम असेल त्याला मिस्त्री असं काही लावत, की तो माणूस घरी जाऊन आरशात स्वतःकडे जरा आदराने बघत असे.

दोन्ही खरं होतं म्हणा. हात चांगला आणि जीभ हातापेक्षा चांगली. अशा माणसाचं सहसा कुठे अडत नाही. मिस्त्रींचंही साठी उलटेपर्यंत काही अडलं नव्हतं.

तरुणपणी ते चुन्याचं काम करणाऱ्या एका जुन्या कारागिराच्या हाताखाली लागले. तेच पुढे त्यांचे सासरे झाले. बोलणं मोजकं, चाल सावकाश आणि कामही सावकाश. भाजलेला चुना पाण्यात विरवायचा, टाकीत महिनोन्‌महिने मुरू द्यायचा, मग वाळू आणि विटेची पूड घालून मळायचा. गिलाव्याचा एक थर भिंतीवर चढला की तो धरेपर्यंत दुसऱ्या थराचं नावसुद्धा काढायचं नाही. तोवर भिंतीवर गोणपाट टांगून सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडत राहायचं. हे पाण्याचं काम सासऱ्यांच्या मुलीकडे होतं. ती भांडं घेऊन भिंतीसमोर उभी राही आणि तापकरी माणसाच्या कपाळावर हात ठेवावा तशी भिंतीवर तळहात ठेवून बघे. तिच्याकडे बघत बघत मिस्त्री चुना शिकले. त्यात चुन्याकडे किती बघितलं आणि तिच्याकडे किती, याबद्दल लोकांत आजही एकमत नाही. लग्न मात्र झालं.

लग्न झालं आणि पाठोपाठ घरोघर सिमेंट आलं. सकाळी थापलं की दुसऱ्या दिवशी दगड. मुळात वाट बघण्याची या जावयाला हौस नव्हतीच. त्यांनी सासऱ्यांचं काम सोडलं, स्वतःची टोळी उभी केली. सासरे एवढंच म्हणाले, “जा. पण जुन्या भिंतींना ते लावू नकोस. आतली ओल बाहेर यायला वाट हवी. ती बंद केलीस तर भिंत आतून सडेल.”

“हो बाबा,” असं जावयाने म्हटलं आणि पुढच्याच कामात एका जुन्या भिंतीला सिमेंट चोपडलं. मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. शेवटी गावातलं जुनं वाचनालयसुद्धा सुटलं नाही. सासरे तोवर गेले होते. त्यांच्या चुन्याच्या टाकीत राडारोडा भरून वरती मिस्त्रींची स्कूटर उभी राहू लागली. बायको त्यावर कधी काही बोलली नाही. तिचं न बोलणं म्हणजे संमती, असं मिस्त्रींनी स्वतःला सांगितलं. इतकी वर्षं संसार करून एखाद्या माणसाने एवढा गैरसमज जपावा म्हणजे कमालच.

वाचनालयाच्या भिंती पुढे ओलसर झाल्या. पुस्तकांच्या पाठींना बुरशी धरली. वाचायला येणारी माणसं शिंकत शिंकत बातम्या वाचायची. पालिकेने एसी बसवला, तर ओल आणखी वाढली. तेव्हा बाहेरून एक आर्किटेक्टबाई आली. केस आखूड, पाठीला पिशवी आणि बोटाच्या पेराने भिंत वाजवून बघायची सवय. तिने सांगितलं, की या इमारतीला कसलंच यंत्र नको. जाड भिंती आहेत, उंच खिडक्या आहेत, वारा आरपार जातो. अंगावरचं सिमेंट उतरवून चुन्याचा गिलावा परत दिला की इमारत आपली आपण थंड राहील. आजूबाजूच्या आणखी तीन जुन्या इमारतींची माणसं हे काम बघून ठरवणार होती, की आपल्याकडे चुना लावायचा का नवं बांधायचं.

आता चुना येणारा माणूस कोण? सगळ्यांनी लोणी मिस्त्रींकडे बोट दाखवलं. सर्वांत आधी मिस्त्रींनी.

आणि म्हातारपणी मिस्त्रींना पालवी फुटली. विद्यार्थी वह्या घेऊन मागे फिरू लागले. वर्तमानपत्रात फोटो आला. वाचनालयाचं सिमेंट खरवडताना ते मध्येच थांबत आणि सगळ्यांना विचारत, “हे कोणी लावलं होतं, सांगा बघू?” मग छातीवर थाप मारून म्हणत, “आम्हीच! आमचं पाप आम्हीच खरवडतोय!” ऐकणारे हसत. किती मोकळ्या मनाचा माणूस, असं म्हणत. हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा घोटलं, की त्यातलं पाप पार गुळगुळीत होऊन गेलं.

बायको तिथेच असायची, पण ती हसत नसे. पाणी मारण्याच्या कामावर आर्किटेक्टबाईने तिला मुद्दाम ठेवून घेतलं होतं. “मावशी, तुमच्या हाताला जे कळतं ते मला शिकवा,” असं ती म्हणायची आणि खरोखर शेजारी उभी राहून शिकायची.

तीन भिंती छान उतरल्या. चौथ्या, उत्तरेच्या भिंतीला पहिला थर लागला आणि मुलीकडून निरोप आला, की बाळंतपणाची वेळ आली, आई निघून ये. बायकोने पिशवी भरता भरता बजावलं, “अहो, त्या भिंतीला मी येईपर्यंत वाळू देऊ नका. आणि दुसरा थर तर मुळीच नको.”

“अगं, मी काय काल आलो का या धंद्यात?”

“काल आला नाहीत. काल परत आलात.”

मिस्त्री हसले. वाक्य लागलं होतं, पण बस यायची वेळ झाली होती.

बायको गेली आणि कॅमेरावाले आले. जुन्या कारागिरीवर त्यांना एक फिल्म करायची होती. आर्किटेक्टबाई दुसऱ्या कामावर गेलेली, तेव्हा मैदान मोकळं. कॅमेरावाल्यांनी मिस्त्रींना चालत यायला लावलं, परत चालत यायला लावलं, खिडकीतून दूर बघायला लावलं. मिस्त्रींनी दूर असं बघितलं, की पलीकडच्या गच्चीत कपडे वाळत घालणारी बाई गोंधळून आत गेली. या गडबडीत भिंतीवर पाणी मारायचं राहून गेलं. एक दिवस राहिलं, दुसऱ्या दिवशीही राहिलं. थर वरून कडक झाला, आत कच्चाच राहिला. शेवटी कॅमेरावाले म्हणाले, “मिस्त्री, प्रत्यक्ष गिलावा करताना दाखवा ना.” मोकळी भिंत ती एकच. मिस्त्रींनी थापी उचलली आणि त्या तसल्या थरावर दुसरा थर चढवला. काय हात फिरला म्हणता! कॅमेरावाला श्वास रोखून बघत होता.

फिल्मवाले गेल्यावर आठवड्याभरात भिंतीने तोंड उघडलं. आधी केसासारख्या रेघा, मग फुगवटा. मिस्त्रींनी पेराने वाजवलं, तर आतून ढप ढप आवाज.

खरं तर करण्यासारखं एकच होतं. बाईला फोन करायचा, झालेलं सांगायचं, थर काढून पुन्हा पहिल्यापासून लागायचं. पण उद्घाटनाची तारीख पालिकेने छापून टाकली होती. ती पुढे गेली की कारण विचारणार, आणि कारण एका कॅमेऱ्यात हसत उभं होतं. शिवाय बायको परत येऊन काय म्हणेल? काहीच म्हणणार नाही. त्याचीच तर भीती.

सुटीच्या दिवशी त्यांनी मुक्याला सोबत घेतलं. मुक्या म्हणजे टोळीतला जुना गडी. जन्मात गप्प बसला नाही, म्हणून मुक्या. दोघांनी फुगलेला गिलावा उतरवला. मिस्त्री सिमेंट आणायला गावाबाहेरच्या दुकानात गेले, तरी दुकानदाराने ओळखलंच.

“मिस्त्री, तुम्ही आणि सिमेंट? पेपरात तर काही वेगळंच वाचलं!”

“मोरी फुटलीय घरची,” मिस्त्री म्हणाले.

आधी चुन्यात अगदी चिमूटभर मिसळायचं ठरलं होतं, नुसतं धरायला मदत म्हणून. पण माल असा पटकन धरायला लागला, की जुनी सवय जागी झाली. पुढच्या घमेल्यात जरा जास्त पडलं, त्याच्या पुढच्यात आणखी. भिंत संपेपर्यंत चुना आणि सिमेंट निम्मं-निम्मं झालं होतं. वरून चुन्याचा पातळ हात फिरवला आणि रंग झाकला गेला. चारी भिंतींत तीच जास्त सरळ, जास्त गुळगुळीत दिसत होती.

“तोंड बंद ठेव,” मिस्त्रींनी मुक्याला बजावलं.

मुक्याने ते फारच मनावर घेतलं. दुसऱ्या दिवसापासून तो बोलेचना. चहावर नाही, जेवताना नाही. लोक त्याच्या कपाळाला हात लावून ताप आहे का बघू लागले. त्याच्या बायकोने मिस्त्रींना रस्त्यात गाठून विचारलं, “दादा, यांना काय झालंय? घरी भांडतसुद्धा नाहीत!” मिस्त्री काय सांगणार? ज्याच्या बडबडीने कान किटायचे, त्याच्याकडे आता ते जेवताना पाठ करून बसू लागले.

मग बायको नातवाचं कौतुक घेऊन परत आली आणि सकाळीच भांडं घेऊन वाचनालयात गेली. पूर्वेच्या भिंतीला पाणी, दक्षिणेच्या, पश्चिमेच्या. मग उत्तरेच्या. पाणी भिंतीवरून सरळ ओघळलं आणि जमिनीवर जमा झालं.

“ही पाणी पीत नाही,” ती म्हणाली.

“नवीन आहे ना, लाजत असेल.”

बायकोने भिंतीवर तळहात ठेवला. मग नवऱ्याकडे बघितलं, मग बांबूच्या परांचीवर बसलेल्या मुक्याकडे. मुक्याने घाईघाईने थापी पुसायला घेतली. तिने उरलेलं पाणी बादलीत ओतलं आणि ती घरी गेली. संध्याकाळी मिस्त्रींना वाढलं, नातवाचं नाक कोणासारखं आहे ते सांगितलं, दिवा मालवला. मिस्त्री वाट बघत होते, की आता काही बोलेल, मग बोलेल. दुसऱ्या दिवसापासून तिने तीनच भिंतींना पाणी मारलं. चौथीसमोरून ती अशी जायची, जणू तिथे दार आहे आणि घरातलं कोणी झोपलंय.

आर्किटेक्टबाई आली ती उत्तरेच्या भिंतीसमोर थबकलीच. “मिस्त्री, ही तर चारीत सुंदर झालीय! पुढच्या इमारतींना हीच नमुना म्हणून दाखवायची.” मग मावशींना हाक मारून म्हणाली, “मला एक करायचंय. तुमच्या वडिलांच्या नावाची एक छोटी पाटी लावू या. त्यांचीच पद्धत आहे ही. उद्घाटनाच्या दिवशी पडदा तुम्ही बाजूला करायचा.”

“कुठे लावणार?”

“इथेच की. या भिंतीवर.”

बायकोने एकदा भिंतीकडे बघितलं. मग म्हणाली, “यांना विचारा. भिंत यांची आहे.”

दोघी मिस्त्रींकडे बघू लागल्या. तेवढ्यात ते खरं बोलले असते, तर पुढचं बरंच टळलं असतं. जीभ आयुष्यभर हवी तिथे धावली होती. ती याही वेळी धावली, फक्त भलतीकडे.

“छान कल्पना आहे बाई,” मिस्त्री म्हणाले. “बाबांचा आत्मा शांत होईल.”

बायको खाली बघून गोणपाटाची घडी घालत होती.

त्या दिवसांत मिस्त्रींनी आपला विनोद बंद केला. विद्यार्थी आठवण करून द्यायचे, “मिस्त्री, ते सिमेंट कोणी लावलं ते सांगा ना!” आणि मिस्त्री ओळंबा हातात घेऊन जी भिंत सरळच होती ती पुन्हा मापायला लागायचे. जेवणावर वासना राहिली नाही. सासऱ्यांची जुनी टाकी जिथे होती, तिथून स्कूटर काढून त्यांनी ती रस्त्यावर लावायला सुरुवात केली. शेजाऱ्याने विचारलं, तर म्हणाले, “तिथे सावली नसते.” सावली तिथेच होती. रस्त्यावर रखरखीत ऊन.

शेवटी एका संध्याकाळी, बायको भाजी निवडत बसलेली असताना, ते समोर जाऊन बसले.

“अगं, त्या भिंतीत थोडंसं...”

“मला नका सांगू.”

“मग कोणाला सांगू?”

“मला ठाऊक आहे. ज्याला ठाऊक नाही त्याला सांगा.” तिने देठ मोडून बाजूला ठेवले. “तुम्ही बाबांना हो म्हणालात आणि सिमेंट लावलंत. त्यांनी बघितलं, पण बोलले नाहीत. मीही बोलले नाही. तेव्हा बोलायला हवं होतं, ती माझी चूक. पण बाबांचं नाव त्या भिंतीवर मी बघू शकणार नाही. त्या दिवशी मी येत नाही.”

“लोक विचारतील!”

“पाय दुखतो म्हणून सांगेन.”

“तू? खोटं बोलशील?”

“तुमच्यासाठी बोलेन. आजवर वेळ आली नव्हती. आता जमवीन.”

ती रागाने बोलली असती, तर मिस्त्रींनी तिला चार गोड शब्दांत गुंडाळलं असतं. पण ती खरंच मनाशी वाक्य जुळवत होती. ओठ हलत होते. शाळेत कविता पाठ करणाऱ्या मुलीसारखी ती पायाचं दुखणं पाठ करत होती. या बाईला आपण आता हेही शिकवलं, या विचाराने मिस्त्रींना तिथे बसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी आर्किटेक्टबाई उत्तरेच्या भिंतीवर पाटीच्या खुणा करत होती.

“बाई, थांबा,” मिस्त्री म्हणाले. “तुम्ही एवढ्या विश्वासाने, एवढ्या मोठ्या मनाने...”

“मिस्त्री, काय झालंय?”

“भिंतीत सिमेंट आहे.”

बाईने पेन्सिल खिशात ठेवली. खिशातला चाकू काढून कोपऱ्यात खरवडलं. वरचा पांढरा हात निघाला आणि खालून करडं दिसलं.

“किती घातलंत?”

“थोडंसं. नुसतं धरायला म्हणून...”

“निम्मं-निम्मं!” परांचीवरून मुक्या ओरडला. इतके दिवस तुंबलेलं सगळं एकदम फुटलं. “घमेल्याला घमेलं, बाई! कॅमेऱ्यासाठी कच्च्या थरावर थर दिला, तो फुगला, मग सुटीच्या दिवशी आम्ही दोघांनी, गावाबाहेरच्या दुकानातून, मोरीचं नाव सांगून... मी म्हणत होतो यांना! म्हणजे म्हणणार होतो!” तो खाली उतरला तरी बोलतच होता.

बाई विटांच्या ढिगावर बसली. ओरडली नाही. “एक-दोन वर्षांत ओल आत अडून इथे मीठ वर फुटलं असतं, गिलावा सुटला असता,” ती हळूहळू म्हणाली. “तेव्हा मला कळलंच असतं, पण मी चुन्याला दोष दिला असता. त्या तीन इमारतींच्या लोकांना मीच सांगितलं असतं, की चुना टिकत नाही, पाडा आणि नवं बांधा.” मग मान वर करून तिने विचारलं, “हे तुमच्या लक्षात आलं होतं?”

मिस्त्रींनी मान हलवली. आलं होतं. त्यांना सगळं लक्षात आलं होतं, हीच तर रड होती.

“काढा,” बाई म्हणाली. “अगदी हळू. आणि दुसऱ्या कोणाला हात लावू देऊ नका.”

ते सांगायची गरज नव्हती. मिस्त्रींनी मुक्यालाही छिन्नी दिली नाही. बारीक छिन्नी, हलका हातोडा. पण सिमेंट धरतं ते धरतंच. प्रत्येक तुकडा उतरताना विटेचा लाल पापुद्रा सोबत घेऊन यायचा. त्यांनी पूर्वी लावलेलं सिमेंट या विटांनी कसंबसं सोसलं होतं. हे दुसरं त्यांच्या तोंडावरून सोलून निघत होतं. कुठे कोपरा गेला, कुठे अर्धी वीट भुगा झाली. बायको भांडं घेऊन आत आली, खाली पडलेले लाल तुकडे तिने पायाने बाजूला केले नाहीत, वाकून हाताने गोळा केले. मिस्त्री छिन्नी धरून उभे राहिले. “खराब झाल्या गं,” ते म्हणाले. ती म्हणाली, “दिसतंय.”

उद्घाटन ठरल्या दिवशीच झालं. तीन भिंती पांढऱ्या, शांत, आणि चौथी उघडी, खरबरीत, देवीचे वण असावेत तशी. नावाची पाटी कागदात गुंडाळून कपाटात. आर्किटेक्टबाईने मावशींना विचारलं होतं, की पाटी दुसऱ्या एखाद्या भिंतीवर लावू या का. “नको,” मावशी म्हणाल्या होत्या. “ही आधी बरी होऊ दे. मग बघू.” बाईने मिस्त्रींना कामावरून काढलं नाही. त्या दिवशी फक्त उत्तरेच्या भिंतीशी उभं केलं. लोक विचारतील, तर तुम्हीच उत्तर द्या, म्हणाली. बायको शेजारीच खुर्चीवर बसली होती. तिचे पाय अगदी ठणठणीत होते.

पहिला पाहुणा आला तो चष्मा वर करून म्हणाला, “वा! एक भिंत मुद्दाम उघडी ठेवलीय. काय नजर आहे! ही कल्पना कोणाची?”

काय संधी होती बघा! दोन शब्द बोलले असते, तर हा गृहस्थ हात मिळवून गेला असता आणि चारचौघांत सांगत सुटला असता. मिस्त्रींचं तोंड सवयीने हसायला लागलंसुद्धा.

“कल्पना नाही साहेब,” ते कसंबसं म्हणाले. “माझी चूक आहे.”

दुसऱ्या वेळी ते जरा सोपं गेलं. तिसऱ्या वेळी चार माणसं एकत्र आली आणि मिस्त्रींना आवाज सापडला. त्यांनी सुस्कारा टाकला. ऊन किती भयंकर होतं ते सांगितलं, कॅमेरावाले कसे पायच धरून बसले ते सांगितलं, सिमेंटची गोणी खांद्यावर किती जड झाली ते सांगितलं. माणसं मान हलवू लागली. एका बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. मिस्त्री गोष्टीतली गोणी खाली ठेवणार, इतक्यात शेजारून आवाज आला.

“अहो.”

मिस्त्री थांबले.

“गोष्ट करू नका,” बायको म्हणाली. “झालं तेवढंच सांगा.”

चौघं अवघडून पुढे सरकली. मग काठी टेकत एक आजोबा आले, भिंतीजवळ वाकून त्यांनी विटांकडे बघितलं आणि विचारलं, “हिला काय झालं हो?”

“मी सिमेंट घातलं होतं,” मिस्त्री म्हणाले. “लपवलं. मग काढलं. विटा गेल्या.”

आजोबांनी “असं होय,” म्हटलं आणि ते पांढऱ्या भिंतीखालच्या बाकावर जाऊन पुस्तक उघडून बसले. कोणी हसलं नाही, कोणी कौतुक केलं नाही. दारातून पुढची माणसं आत येत होती. मिस्त्रींनी घसा साफ केला आणि ते भिंतीला टेकायला गेले. मग विटांची आठवण होऊन सरळ उभे राहिले.